बिनबिलाचं बियाणं

जामखेडचा बाजारवार. काउंटरवर पेंगणारं मांजर. कुणाच्या तरी पिशवीतून डोकावणारी मेथी. कृषी सेवा केंद्राच्या रांगेत माझ्यापुढे एक नवरा-बायको.

“तननाशक जास्तच घेऊ. सगळ्या कापसावर मारू.”

“आवो, कापूस जळंल!”

“अगं, आपन लावलंय ते नवं बीटी बियानं हाय. गवत मरतं, कापसाला काय बी होत न्हाई.”

“त्याला सरकारची परवानगी न्हाई म्हनत्यात.”

“म्हनून तर बिल न्हाई!”

“बांधावर मारून उरलेलं हुतं ना? मी एका सरीवर मारून पाह्यलं.”

“मग? गवत मेलं?”

“मेलं की.”

“बघ! मी काय म्हनत हुतो?”

“कापूस बी मेला.”

“आन् हे आत्ता सांगतीस?”

“घरी तुमी ऐकता व्हय?”

“मग गवताचं काय?”

“काढायचं. दोघांनी मिळून.”

रांगेत शिरतानाच तिच्या पिशवीत दोन नवी खुरपी होती.