पुण्याच्या खोलीची किल्ली

किल्ली? कोणती किल्ली, काका? पुण्याच्या खोलीची — अन् ती माह्याजवळ आहे असं तुमाले कोणी सांगतलं? बाबांनी. बरं. बसा, सतरंजीवर नका बसू, ओली आहे अजून, पोट्टे येतीन अभ्यासाले — इथं खुर्चीवर बसा. म्हणजे तुमचा पवन आज संध्याकाळच्या ट्रॅव्हल्सनं निंगून राह्यला, गादी बांधून झाली, अन् उतरला की तो माह्या खोलीत राहणार. रिकामीच पडली आहे म्हणे. मोठी. हवेशीर. असंच म्हणतलं ना बाबांनी? पारावर बसून म्हणतलं असेल, तिथं त्याइचा आवाज चांगला लागते.

काका, खोली नव्हतीच. कॉट होती. तिथं शिकणाऱ्या पोट्ट्यांले खोली नाई देत कोणी, कॉट देते — लोखंडी पलंग, खाली पेटी मावेल एवढी जागा, अन् दोन पलंगांच्या मधातून अंग आडवं करून जायचं. बाकी मोरीसाठी रांग, पाण्यासाठी रांग, अभ्यासिकेत खुर्चीवर पुस्तक ठेवून उठलं की येईपर्यंत पुस्तक खाली अन् भलताच माणूस खुर्चीवर. पुढं तेही परवडेना, तर मी अर्धी कॉट घेतली. हसू नका. अर्धी म्हणजे दिवसा ती रात्रपाळीच्या एका वॉचमनची, अन् रात्री माही. मी आडवा झालो की गादी गरमच असायची. त्याचं तोंड मी कधी धड पायलं नाई, पण उशीले त्याच्या डोक्याचं तेल — मोहरीचं, अजून कुठं तो वास आला की मले वाटते झोपायची पाळी आली. तुमी म्हणान, सवय होते. होते ना. तेच वाईट. सवय झाली की माणूस दुसऱ्याच्या घामात झोपते अन् घरी फोनवर सांगते, सगळं मजेत.

अन् ते सगळं आपल्या पोट्ट्यांवरच चालून राह्यलं — मेसवाला, झेरॉक्सवाला, क्लासवाला, कॉटवाला. पास किती झाले, कोणी इचारत नाई; एक उठला की त्याच्या कॉटवर दुसरा येतेच, आपल्याच वाशिमकडचा. म्हणून मी वापस आलो, काका. म्हणून हे समाजमंदिर मागून घेतलं, जाळे काढले, टेबलं आणली. पवनले इथं अख्खं टेबल देतो, खिडकीजवळचं, कोणी उठवणार नाई. — नाई, हारून नाई आलो मी. केनवडच्या बाजारातही तसंच बोलतात, ठाऊक आहे मले.

बाबा डोळ्यांनी पाहून आले म्हणता? आले होते ना. तुरीच्या डाळीचं पोतडं खांद्यावर घेऊन. मालकानं जिन्यातच अडवलं — पाहुणे चालत नाई. तरी मी वर नेलं. दारातूनच पायलं त्याइनं, चपला हातात धरून. एवढंच इचारलं — देवापुढं दिवा कुठं लावता बाबू? मंग म्हणे, तू अभ्यास कर, मी सेवालालकडे झोपतो, आपल्या तांड्यावरचाच आहे, हडपसरले राहते. मले बरं वाटलं. खरंच बरं वाटलं. डाळ कॉटखाली सारली. पुढं दिवाळीत सेवालाल गावात भेटला, म्हटलं, बाबांची सोय केली, लय बरं झालं. तो म्हणे, कधी? तवा तर मी नाशिकले होतो कामाले. मंग बाबा कुठं झोपले? स्टँडवर, काका, दुसरं कुठं. फरशीवर झोपले अन् गावात येऊन सांगतलं, खोली मोठी आहे, हवेशीर आहे. मी इचारलं नाई त्याइले. कसं इचारू? दिवाळी झाली अन् मी गेलोच नाई. हे टेबलं, हे समाजमंदिर — हे तर नंतर सुचलं.

काहून सांगून राह्यलो मी हे तुमाले? कोणालेच सांगतलं नव्हतं. पण पोट्टा उद्या सकाळी गादी घेऊन त्या जिन्यात उभा राहील ना. खरं ते खरं, काका — या बढायांपायीच गाव रिकामं होऊन राह्यलं. एकानं तरी तोंडावर सांगायले पाहिजे. थांबा, बाबांलेच बोलावतो, तुमच्यासमोर —

या, बाबा. नाई, काही नाई, काका खोलीची किल्ली मागाले आले होते. सांगत होतो त्याइले — मोठीच होती, काका. दोन खिडक्या. वारा असा यायचा की पुस्तकाची पानं दाबून बसा लागे. कोपऱ्यात दिव्यापुरती जागाबी होती. बाबांनी पायलीच आहे ना. मीच किल्ली देऊन टाकली मालकाले, अन् बाबांले सांगायचं राहून गेलं. चूक माही. पवनले म्हणा, आज निंगू नको.

बसा ना बाबा, इथं खुर्चीवर बसा. काका उठूनच राह्यले होते.