नोव्हेनाचे शेवटचे दोन दिवस

नेवाशाहून नगरला निघालेल्या एसटीत माझ्या पुढच्या सीटवर दोन शेजारणी बसल्या होत्या, मार्थाबाई आणि मालन.

"नातू आज काचेच्या पेटीतनं बाहेर आला, मालन. पन मनाला एक लागून राहिलंय. त्याच्यासाठी धरलेली नोव्हेनाची प्रार्थना सात दिवसांवरच तुटली. सूनंला अचानक दवाखान्यात न्हेलं अन् मी तशीच नगरला पळाले, ती आज तुला न्यायला आले."

"कुठं तुटली? तुझ्या घराची किल्ली माझ्याकडंच हुती न्हवं? आठवा अन् नववा दिवस म्या केला."

"तुला आमची प्रार्थना कुठं येती?"

"न्हाईच येत. तुमच्या मतमाउलीच्या तसबिरीला म्हनलं, मार्था नगरला हाय, तिच्या नातवाकडं तूच बघ. मेणबत्ती मातर इझू दिली न्हाई. अख्खा पुडा गेला."

"अगं, आमच्यात प्रार्थना झाली की इझवत्यात!"

"नऊ दिवसांचंच हाय न्हवं?"

"नऊच. फादर म्हनत्यात, इटली, पोर्तुगाल, सगळीकडं हाच शब्द अन् नऊच दिवस."

"मंग नवरात्रच की. म्या उपासबी धरलाय."

"उपास नसतो गं बाई!"

"आता सांगतीस?"

"हा पेढा घे. सोड आधी."

"ठिव डब्यात. पोराचं तोंड बघून सोडीन."