दिवा हिरवा होईपर्यंत

—नाही नाही, त्या खोलीचं दार नका वाजवू दादा, मुलगा काम करतोय आत. मीटिंग असते त्याची. तुमचा नेटचा डबा इकडे आहे ना, स्वयंपाकघरात, फ्रिजच्या मागे वर—हे स्टूल घ्या, एक पाय हलतो त्याचा, पण पडलं नाहीये अजून कुणी. आणि मला एक सांगा, तक्रार नक्की याच घरची आहे? कारण मी केली नाही. आमचे हे तर करणारच नाहीत, त्यांना टीव्हीचा रिमोट धड कळत नाही. म्हणजे त्यानंच केली. आतून. मला बोलला नाही—विसरला असेल, कामाच्या गडबडीत.

ही काळी जाड वायर काढणार? का बरं? चांगली तर आहे. टीव्हीसाठी घातली होती भिंतीतून, मग तुमच्याच माणसानं नेटला तीच जोडून दिली, म्हणाला दुसरी कशाला ओढायची उगाच. हो, होते सैल. बरोबर ओळखलंत. फ्रिज सुरू झाला की भिंत थरथरते आणि तो टोकाचा नट हळूहळू सुटतो, की गेलंच नेट. ह्यांचं एक ठरलेलं आहे—दिवे लुकलुकायला लागले की म्हणतात, तुझ्या मुलापेक्षा हा डबा बरा, निदान दिवे तरी लावतो. त्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणतात. मी म्हणते, अहो हळू. कशाला हळू, म्हणतात, त्याला ऐकायला वेळ आहे का?—तर, नवी वायर टक्कन बसते म्हणता. मग ती सैल होत नाही? कधीच? अगदी कधीच नाही? नाही, चांगलंच आहे की. मी कशाला नको म्हणू.

चहा टाकते. घाई आहे? बरं, मग करा तुम्ही तुमचं, मी आपली बोलते, माझ्या बोलण्याकडे लक्ष देऊ नका. नोकरी ना? नोकरी—होती. आता आतूनच काहीतरी करतो. करत असेल. रात्रभर खडखड चालते बोटांची. मीटिंग आहे म्हणाले ना मी मघाशी, तसं काही नाही हो, असंच म्हणते मी आल्यागेल्याला. तुम्हाला तरी काय सांगायचं. नोकरी गेली तेव्हा आधी जेवायला यायचा बाहेर, मग ह्यांचं काहीतरी बोलणं व्हायचं, मग ताट आत मागायला लागला, मग मागेनासाच झाला, मीच दाराशी ठेवते. न्हाणीघर खोलीला जोडूनच आहे—आम्हीच करून घेतलं हौसेनं, उद्या सून येईल, तिला अवघड नको व्हायला. आता बाहेर यायची गरजच नाही त्याला. पण ताट धुऊन ठेवतो हं! लख्ख. तेवढा शहाणा आहे.

फक्त नेट गेलं की येतो. यावंच लागतं, डबा इथे. येतो, स्टूलवर चढतो, दोन बोटांनी तो नट आवळतो, आणि मग दिवा हिरवा होईपर्यंत उभा राहतो इथे, तुम्ही आहात ना, तस्साच, मान वर करून. तेवढ्यात मी बोलून घेते. मावशीच्या मुलीला मुलगी झाली, वरच्या मजल्यावरचे गेले सोडून, काय वाट्टेल ते. तो हूं म्हणतो. एकदा माझा हात भाजला होता, पट्टी होती, तर म्हणाला, काय झालं? मला सांगताच येईना. काही नाही रे म्हटलं. मूर्खासारखं! मोठं काहीतरी सांगायला हवं होतं, थांबला असता.

हो, येतं मला. नट आवळायला काय लागतं? हा डबा घरात यायच्याही आधीपासून मी कुकरच्या शिट्ट्या दुरुस्त करतेय. पण मी नाही लावत हात. फ्रिज गुरगुरला की दिव्याकडे बघत बसते.

मागच्या वेळी चुकलंच माझं. दिवा लाल झाला, आणि मी काय केलं—स्टूल आधीच लावून ठेवलं आणि दोन कप काढून ठेवले ओट्यावर. तो आला. स्टूल बघितलं. कप बघितले. मग माझ्याकडे बघितलं, खूप वेळ. नट आवळला, आणि दिवा हिरवा व्हायच्या आधीच गेला आत. आणि आज तुम्ही दारात.

ऐका ना. ती काळी वायर राहू द्या की जोडलेली, दोन्ही राहू देत. नाही चालत? ऑफिसला फोन केला की ते तिकडून लाइन नव्या वायरवर फिरवतात आणि हे काळ्या वायरचं भोक बंदच पडतं? मग परत नाही का फिरवता येत? असं. त्यानं तक्रार केली तरच. माझ्या सांगण्यावरून नाही.

काय? राउटर, तो वायफायचा, त्याच्या खोलीत आहे, हो. या डब्यापासून तिथवरची वायरही नवी टाकायची? मग आता उघडावं लागेल ना दार? उघडेलच ना तो, वायर आत न्यायची म्हणजे—नको? दाराखालून जाते? एवढीशी फट. बरं. त्याला मेसेज केलात तुम्ही? त्यानं उत्तर दिलं तुम्हाला? लगेच?

द्या, मी धरते. तुम्ही तिकडून सोडा, मी इथे बसते दाराशी. गुंता होऊ देत नाही. सरकवते—हां. घेतली. घेतली त्यानं! ओढतोय. अरे हळू, हळू रे राजा, हाताला लागतेय. जोर आहे बघा अजून, जेवतो ना व्यवस्थित. थोडी हळू सोडा ना दादा तिकडून. अजून थोडी हळू. ओढ रे, ओढ... मी धरलंय इकडून...

थांबली.

पुरली वाटतं त्याला.

तो टक् आवाज आला आतून, ऐकलात? करा मग फोन ऑफिसला, मी नाही अडवत. नाही, मी ठीक आहे, बसते इथेच. डब्यावरचे सगळे गेले का दिवे? आता? झाला? हिरवा झाला.

फ्रिज सुरू झाला बघा. काही हलत नाहीये.

ते स्टूल तेवढं माळ्यावर टाकता का जाताना—नको. नको, राहू दे तिथेच. या तुम्ही.