परत केलं म्हण

कौशल्याबाई : सूप नवं हाये, वासंते. माह्या हातानं धुतलं, उन्हात वाळवलं. खाली जुनं लुगडं घालू, मऊ. लेकराले काही टोचनार नाही.

वासंती : सुपाचं मी काही म्हणतच नाही, आत्याबाई. ते सूप ठेवायचं कुठं, ते बघा. गोठ्यामागच्या उकिरड्यावर! शेण, सडलेली वांगी, माश्या. हिची नाळ आत्ता कुठं पडली आहे. बेंबी अजून ओली आहे. धनुर्वात व्हायला शेणाचा एक कण पुरतो.

कौशल्याबाई : ठेवाची अन् उचलाची. पापनी लवते तेवढा वेळ. शेजारची पंचफुला तठीच उभी हाये निंबाखाली. ते म्हनन, कोनाचं व हे टाकलेलं लेकरू, मीच नेतो बापा घरी. मंग आपन तिले सुपभर दाने देऊ अन् पोरगी मागून घेऊ. झालं. सांजच्याले बारसं खुशाल कर.

वासंती : आणि नाव ठेवायचं दगडी.

कौशल्याबाई : दगडी नाही तं धोंडी. तुले आवडन ते.

वासंती : मला दोन्ही आवडत नाहीत.

कौशल्याबाई : आवडाचं नसतेच ते! गोड नाव ठेवलं का ज्याले न्याचं हाये त्याच्याबी तोंडी बसते. मुकुंदाचं नाव किती गोड ठेवलं होतं तुमी.

वासंती : आत्याबाई.

कौशल्याबाई : राह्यलं. नाही काढत त्याचं नाव.

वासंती : त्याला घटसर्प झाला होता. घशात पडदा आला होता. नावानं नाही गेला तो.

कौशल्याबाई : मले काय कळते त्यातलं! चिंतामणच्या आंधी माह्ये दोन गेले, तवा डाक्टर कुठं होता? आता म्हाराष्ट्र झाला, बुलढान्याले दवाखाना मोठा झाला, पोराइले सुया देऊन राह्यले. तरी आपला गेलाच ना? मंग म्या कोनाच्या भरवशावर राहू, सांग.

वासंती : उकिरड्याच्या तरी नको, आत्याबाई.

कौशल्याबाई : मंग?

वासंती : हे बघा, हे आले. एसटी आली वाटतं. आता यांनाच विचारा.

चिंतामण : काय विचारायचंय? आणि ती पंचफुलाकाकू निंबाखाली का उभी आहे? आत ये म्हटलं तर म्हणते, आज मले आत येता येत नाही, आज मी परकी हाये.

वासंती : तिला तुमची मुलगी द्यायची आहे.

चिंतामण : माय! अवो काय लावलं हे? मी तिकडं बुलढाण्याले पोराइले तर्कशास्त्र शिकवतो अन् माह्या घरी हे उकिरड्याचं नाटक?

कौशल्याबाई : नाटकानंच जगला तू. तुले बी असंच ठेवलं होतं सुपात. ह्याच पंचफुलानं उचललं. म्हनून आज बूट घालून मले तर्क सांगून राह्यला.

चिंतामण : मी जगलो कारण मी आजारी पडलो नाही.

कौशल्याबाई : हाव. अन् आजारी काऊन नाही पडला?

वासंती : तुम्ही दोघं नंतर भांडा. हिला जरा धरता? ओली झाली आहे, दुपटं बदलते.

चिंतामण : खाली ठेव ना. गोधडी आहेच.

वासंती : धरा म्हटलं मी.

चिंतामण : हात खडूचे आहेत.

वासंती : न्हाणीत पाणी आहे.

चिंतामण : वासंती, एवढंसं बाळ धरायला मला जमत नाही, हे तुला माहीत आहे.

वासंती : मुकुंदाला धरत होतात. एका हातावर मुकुंदा आणि दुसऱ्या हातात पुस्तक. हिला जन्मल्यापासून एकदाही घेतलं नाहीत. दवाखान्यात आलात तेव्हा दुपट्याचं टोक बाजूला करून बघितलंत, शेजारच्या खाटेवरचं बघावं तसं. मी बघते हो सगळं. तुम्ही तिच्या बाजूनं जाताना चाल बदलता. कोपऱ्यातल्या रांजणाला धक्का लागेल म्हणून जपावं तसे जाता.

कौशल्याबाई : हे मले बी दिसते.

चिंतामण : काही नाही तसं.

वासंती : मग मीच सांगते काय आहे ते. तो तुमचा एपिक्टेटस आहे.

कौशल्याबाई : कोन व?

वासंती : ह्यांचा गुरू. फार जुना, तिकडच्या ग्रीक लोकांतला. गुलाम होता.

कौशल्याबाई : तो लंगडा बुवा? ज्याचा पाय मालकानं पिरगाळला तो? मले सांगतली होती यानं ती गोष्ट. तो म्हने मालकाले सांगत होता, असाच पिरगाळत राह्यला तं मोडन बरं. मोडला, तं म्हने, सांगतलं होतं ना? ओरडला बी नाही. मले तं तेव्हाच वाटलं, ह्या मानसाची माय नसन जवळ.

चिंतामण : माय, तू त्या गोष्टीची थट्टा करू नको.

वासंती : थट्टा कोण करतंय? मीही बी.ए. झालेली आहे. मला त्याचं म्हणणं कळतं. काय आपल्या हातात आहे आणि काय नाही, ते ओळखावं. जे हातात नाही त्यासाठी रडू नये. मडकं आवडत असेल तर मनाला सांगावं, मला मडकं आवडतं. मग ते फुटलं तर त्रास होत नाही. चांगलं आहे. मडक्यापुरतं फार चांगलं आहे.

चिंतामण : तो मडक्यापुरतं थांबत नाही.

वासंती : माहीत आहे. मुकुंदाला पुरून आलात, विहिरीवर अंघोळ केलीत आणि ओल्या धोतरानं माझ्याजवळ येऊन बसलात. मी म्हटलं, आपला मुकुंदा गेला हो. तुम्ही काय म्हणालात? आठवतं?

चिंतामण : आठवतं.

वासंती : आत्याबाईंना सांगा.

चिंतामण : मी म्हटलं, गेला म्हणू नको. परत केलं म्हण. ज्याचं होतं त्याला परत केलं.

कौशल्याबाई : बाप्पा रे.

वासंती : हिला पोटात घेऊन मला तेव्हा श्वास पुरत नव्हता. पाचवा महिना होता. आणि हे मला हिशेब शिकवत होते, कोणाची वस्तू कोणाकडे गेली त्याचा. आता तुम्ही सूप घेऊन आलात, आत्याबाई. तुम्ही म्हणता, पोरगी माझी नाही, पंचफुलाची आहे म्हण. हे म्हणतात, माझी नाही, उसनी आणलेली आहे म्हण. तुमचं दोघांचं एकच आहे. मी हिला नऊ महिने पोटात वाढवलं आणि घरात एक माणूस असं नाही की जे म्हणेल, ही आपली आहे.

चिंतामण : वासंती, माझं तसं नाही गं.

वासंती : मग कसं आहे?

चिंतामण : तुला नाही सांगता येत.

वासंती : का? मी रडेन म्हणून?

चिंतामण : सांगितलं तर तू मला घरात ठेवणार नाहीस.

कौशल्याबाई : चिंतामण, काय झालं? बस खाली. असा काऊन दिसून राह्यला?

चिंतामण : माय, तो एपिक्टेटस आणखी एक सांगतो. लेकराचा मुका घेताना मनातल्या मनात म्हणावं, उद्या हे मरेल. म्हणजे मनाला सवय होते. उद्या काही झालंच तर माणूस मोडून पडत नाही.

वासंती : हे तुम्ही वर्गात शिकवलंत. तुमच्या वर्गातल्या शालूनं सांगितलं होतं मला. पोरं हसली म्हणे.

चिंतामण : वर्गात नंतर. आधी घरी केलं. नुसतं शिकवायचं आणि करायचं नाही, हे मला बरं वाटेना. मुकुंदा निजायला लागला की मी त्याचा मुका घ्यायचो आणि म्हणायचो.

वासंती : मनात?

चिंतामण : आधी मनात. पुढं त्याच्या कानाशी, हळू. त्याला गुदगुल्या व्हायच्या. हसायचा तो. त्याला वाटायचं, बाबा खेळतात.

वासंती : काय म्हणायचात?

चिंतामण : नको, वासंती.

वासंती : काय म्हणायचात?

चिंतामण : उद्या तू नसशील. असं. रोज म्हणत होतो. अन् एक दिवस खरंच नव्हता तो. मी तर्कशास्त्र शिकवतो. बोलण्यानं घशात पडदा येत नाही, हे मले कळते. सगळं कळते, माय. पण हिले उचलाले गेलो का ते वाक्य तोंडाशी येते. मी म्हनत नाही, तरी येते. म्हनून नाही धरत तिले. मले भेव वाटते वो.

कौशल्याबाई : वासंते, त्याले पानी दे.

वासंती : तुम्हीच द्या. माझ्या हातात मूल आहे.

कौशल्याबाई : घे. पी. सगळा पी तांब्या. अन् आता माह्याकडं पाह्य. मी काय सांगून राह्यली ते ऐक. मी बी म्हनत होती.

चिंतामण : काय?

कौशल्याबाई : तुह्या येळी. पंचफुलाजोळून मागून घेतलं तुले, पन मनातून नाही घेतलं. दूध पाजताना म्हनो, हा माहा नाही. टोपडं घालताना, हा माहा नाही. तू ताप घेऊन निजला का तुह्याकडं पाठ करून बसो अन् भितीले सांगो, हा माहा नाही, हा पंचफुलाचा हाये, त्याले पाह्याचं असन तिनं पाहावं. शाळेत गेला तरी म्हनो. तुहं लगीन लागलं तवा बी मांडवाच्या मांगं उभी राहून म्हनलं.

चिंतामण : मले वाटायचं, तुले मी आवडत नाही.

कौशल्याबाई : हाव. तसंच वाटाले पायजे होतं. तुले तसं वाटलं तरच त्याले वाटन ना. जो वरतून पाह्यते त्याले.

चिंतामण : मग बरोबरच केलं तू. मी जगलो.

कौशल्याबाई : नाही रे बावा. तसं नाही. तू मुकुंदाले म्हनला, तं तो गेला नाही तुह्या म्हनन्यानं. बोलल्यानं लेकरू जात नसते.

वासंती : आणि बोलल्यानं राहतं, आत्याबाई?

कौशल्याबाई : तू बी ना, वासंते. दुखत्याच जागी बोट ठेवते.

वासंती : मी भांडायला नाही विचारत. खरंच विचारते.

कौशल्याबाई : बोलल्यानं जात नाही, तं बोलल्यानं राहत बी नाही. दोन्ही कसं खरं असन? म्या जे केलं ते फुकटच गेलं म्हन. हा असाच जगला असता. अन् म्या याले मांडीवर घेऊन माहा राजा म्हनलं असतं तरी जगला असता. पन तवा कोन सांगनार होतं मले? दोन गेले होते माह्ये.

चिंतामण : माय, रडू नको.

कौशल्याबाई : मले रडू दे. तुह्या लंगड्या बुवानं सांगतलं असन नाही रडाचं, मले नाही सांगतलं.

वासंती : त्याला मूलबाळ होतं का हो? त्या एपिक्टेटसला?

चिंतामण : नाही. लग्नच केलं नाही त्यानं. एक चटई, एक मातीचा दिवा. एकटा राहिला वर्षानुवर्षं.

वासंती : म्हणजे ज्याला मूल नाही त्यानं हे सांगितलं.

चिंतामण : पुढं म्हातारपणी आणलं एक.

वासंती : काय आणलं?

चिंतामण : मूल. एका मित्राला पोसणं झेपत नव्हतं. ते तान्हं बाळ बाहेर टाकून देणार होते. तिकडं तशी रीतच होती. ह्यानं ते घरी आणलं. आपल्याला एकट्याला वाढवता येणार नाही म्हणून एक बाई पण आणली घरात. आणि वाढवलं.

कौशल्याबाई : म्हनजे त्या बुवानं बी टाकलेलं लेकरू उचललं.

चिंतामण : हो, माय.

कौशल्याबाई : अन् परत नाही केलं.

चिंतामण : नाही.

वासंती : त्याचा मुका घेताना तो काय म्हणत होता?

चिंतामण : ते कुणी लिहून ठेवलेलं नाही.

वासंती : हे तुम्ही मला कधी सांगितलं नाहीत. परत केलं, तेवढं मात्र सांगितलंत.

चिंतामण : मला ते महत्त्वाचं वाटलं नव्हतं. त्याच्या विचारात ते कुठं बसत नव्हतं. वर्गातही मी ते सोडूनच देतो.

(बाहेरून पंचफुलाची हाक येते : "कौसल्ये, आनतं का व? माहा भाकरीचा वखत झाला!")

वासंती : आत्याबाई, काय सांगायचं तिला?

कौशल्याबाई : तू थांब. म्याच बोलावलं, म्याच सांगतो. पंचफुले! जाय माय तू घरी! नाही आनत! ... काऊन म्हनजे? नाही द्याची आमाले, म्हनून! ... हाव, मले कळते मी काय करून राह्यली ते! माही नात हाये, मी कोनाले देत नसते! जाय, सांजच्याले बारशाले ये, घुगऱ्या खाले!

चिंतामण : माय, ये. इथं बस, माझ्याजवळ.

कौशल्याबाई : भेव वाटून राह्यलं मले. म्हनलं तं खरं. आता तिले एक शिंक आली तरी माहा जीव जाईन.

वासंती : माझा तर रोजच जातो, आत्याबाई. दुपटं वर-खाली होतं का, ते बघत बसते. आता दोघी बघू.

चिंतामण : दे इकडं.

वासंती : काय?

चिंतामण : तिला. हात धुतले मी मघाच, पाणी प्यायलो तेव्हा.

वासंती : घ्या. डोक्याखाली हात घाला. असा नाही, पसरून. मान धरत नाही ती अजून.

चिंतामण : येतंय ते. तोंडाशी.

वासंती : येऊ द्या. तिच्याकडं बघा तुम्ही.

चिंतामण : किती हलकी आहे. मुकुंदा होता का गं एवढा कधी?

वासंती : एवढाच होता.

चिंतामण : मला आठवत नाही. मी त्याच्याकडं बघतच नव्हतो, वासंती. सराव करत होतो.

वासंती : मला आठवतो. बसा, सांगते.