बागेचं पाणी तोडलं तेव्हा

हसू नका गा, पण माझ्या एका शब्दावर आमची अख्खी बाग सुकली होती.

बाग मोबाइलवरच्या खेळातली. नवं अपडेट आलं आणि चिलखत बनवायला निळी फुलं लागू लागली. आमच्या टोळीची कप्तान नंदनवन वस्तीतली सुषमा वहिनी. तिला म्हटलं, "वहिनी, पाणी तोडा. गावी आम्ही संत्र्याले असाच ताण देतो. मग पाहा, पानापेक्षा फूल जास्त!"

पाणी तोडलं. पानं पिवळी पडली, मग गळायला लागली.

"भाऊजी, झाडं मरून राहिली ना जी!"

"धीर धरा."

"उद्या फुलं नाही आली, तं तुमाले टोळीतून काढतो."

तिकडे समोरच्या टोळीचा हेर कुंपणावरून हे पाहत होता. त्याला वाटलं, हीच नवी युक्ती. त्यांनीही पाणी तोडलं.

सकाळी दोन्ही बागांत नुसत्या काड्या. फक्त आमच्या कोपऱ्यातला एक वाफा निळाशार फुलला होता.

"काहून हो वहिनी, हा कसा वाचला?"

"तुमच्यापासून लपवून पाणी देत होती मी."

चिलखत फक्त आमचंच बनलं. मी लगेच म्हटलं, "पाहिलं? माझी पद्धत पक्की आहे. फक्त ती दुसऱ्याच्या बागेत वापराची!"