बिनपरवान्याचं प्रवचन

खाणावळीत घोडागाडीची वाट पाहत बसलेल्या टॅबिथाला शेजारच्या दोन म्हाताऱ्यांचं बोलणं ऐकू येत होतं.

“ओळखलंत, पाद्रीबुवा? मी एलकाना, तुमच्या कोठडीचा पहारेकरी.”

“विसरेन कसा? मी गजांतून प्रवचन सुरू केलं की तू ढोल बडवायचास!”

“हुकूम होता. तुमच्याकडे सरकारी परवाना कुठे होता?”

“आता कुणालाच लागत नाही! प्रार्थनेत सरकारनं नाक खुपसायचं नाही, हे आता अमेरिकेच्या राज्यघटनेतच आलं. परवा आपल्या व्हर्जिनिया राज्यानंही होकार दिला, अन् ते पक्कं झालं.”

“तेच ऐकून तुम्हाला शोधत आलो. त्या ढोलापायी तुमचा एक शब्द कानी पडला नाही, बुवा. रविवारी कुठे बोलणार?”

“रविवारपर्यंत कशाला थांबायचं? गाडीला अजून वेळ आहे.”

पाद्रीबुवा हसत उठले. टॅबिथानं गाठोडं उचललं आणि त्यांना वर उभं राहून बोलायला आपला बाक मोकळा करून दिला.