बिराजदार बाईंना न सापडलेलं दार

मंडळी, बसा. मागे उभ्या असलेल्या मुलींनो, तुम्हीही पुढे येऊन बसा. बाकं रिकामी आहेत.

मला बोलायला सांगितलं तेव्हा मी नाही म्हटलं होतं. मुख्याध्यापक म्हणाले, शमीमबाई, तुम्ही नाही बोललात तर कोण बोलणार. म्हणून उभी राहिले. शाळेत मी जन्मभर भूगोल शिकवला, बोलायची सवय आहे. पण आज मधेच थांबले तर थोडं थांबू द्या.

सुमंगला बिराजदार. आपल्या सगळ्यांच्या बिराजदार बाई. त्या गेल्या. हे वाक्य मी घरातून घोकून आले होते, तरी आत्ता जड गेलं.

इथे बसलेल्या किती जणींना त्यांचा शनिवारचा मूल्यशिक्षणाचा तास आठवतो? बघा, हात वर होतायत. इतर शाळांमध्ये त्या तासाला राहिलेलं गणित शिकवत. बाई मुलींना घेऊन बाहेर पडायच्या, मीही सोबत असायची. शहराच्या पूर्व भागातल्या देवळात, जिथे पुजारी तेलुगूत बोलायचे आणि विणकरांच्या घरातल्या मुली आम्हाला अर्थ सांगायच्या. मग मशिदीत, चर्चमध्ये, जैन मंदिरात, बुद्धविहारात, गुरुद्वारात. निघताना बाई बजावायच्या. कुणाचा देव मोठा, हे कुणी विचारायचं नाही. दोनच गोष्टी विचारायच्या. तुमच्याकडे मूल जन्मलं की काय करतात? आणि माणूस गेलं की काय करतात?

या दोन प्रश्नांवर मुली किती शिकल्या! बाळाच्या कानात पहिल्यांदा अजान म्हणतात, हे वर्गातल्या मुलींना मशिदीत कळलं. चर्चमध्ये पाद्रींनी बाप्तिस्म्याचं पाण्याचं भांडं दाखवलं. विहारात भंतेजींनी सांगितलं की माणूस गेलं की आम्ही त्रिशरण-पंचशील म्हणतो आणि सगळं अनित्य आहे याची स्वतःला आठवण करून देतो. जैन मंदिरातल्या आजींनी सांगितलं की वर्षातून एकदा आम्ही ओळखीच्या प्रत्येकाकडे क्षमा मागतो, चूक आठवत नसली तरी मागतो. गुरुद्वारात मुलींनी डोकं झाकलं, सगळ्यांबरोबर एका पंगतीत जेवल्या, आणि परत येताना बसमध्ये झोपल्या.

मशिदीत एका मुलीनं इमामसाहेबांना विचारलं होतं, तुमचा देव कुठे ठेवलाय? मी घाबरले. ते हसले. भिंतीतल्या कोनाड्याकडे बोट करून म्हणाले, बेटा, तिथे काही ठेवायचं नाही, एवढंच आमचं सांगणं आहे. बाई त्या दिवशी इतक्या खूश होत्या की आम्हा सगळ्यांना त्यांनी उसाचा रस पाजला.

बाई स्वतः लिंगायत. गळ्यात लहानपणापासून इष्टलिंग. सकाळी ते तळहातावर घेऊन पूजा केल्याशिवाय त्या चहाही घ्यायच्या नाहीत. आपलं घट्ट धरून दुसऱ्याचं समजून घेता येतं, हे मी त्यांच्याकडे बघून शिकले.

अशा बाईंची एकुलती एक लेक, गिरिजा. तुमच्यातल्या काही जणी तिच्या वर्गातल्या. हुशार पोर. वडील लवकर गेले, बाईंनी एकटीनं वाढवलं. औषधनिर्माणशास्त्र शिकली आणि चिंचोळी एमआयडीसीत औषधाच्या कारखान्यात लागली. मला शमीम मावशी म्हणायची. ईदला शीरखुर्म्याचं पातेलं संपल्याशिवाय आमच्या घरातून हलायची नाही.

कारखान्यातल्या एका मैत्रिणीबरोबर ती रविवारी ध्यानाला जाऊ लागली. त्या जागेचं नाव मी आज इथे घेणार नाही. शहराबाहेर एक मोठं आवार आहे, पत्र्याची सभागृहं आहेत, झाडं आहेत, झाडलोट बघण्यासारखी आहे. तिथले जे प्रमुख आहेत त्यांना सगळे थोरले म्हणतात. बाईंना आधी काळजी वाटली नाही. ध्यान करते, करू दे, म्हणाल्या.

मग गिरिजानं कांदा सोडला. मग मीठ. मग फोन. मग एक दिवस नोकरी सोडली आणि तिकडेच राहायला गेली. तिथे नवं नाव देतात. आडनाव पुसतात. त्यांचं म्हणणं असं की माणसाला ज्या गाठी बांधून ठेवतात, त्यात रक्ताच्या नात्याची गाठ सगळ्यात शेवटी सुटते. ती सुटली की माणूस मोकळा.

आम्ही पोलिसांकडे गेलो. साहेब भले होते, माणूस पाठवला, गिरिजाचा जबाब घेतला. ती म्हणाली, मी माझ्या मर्जीनं इथे आहे. साहेबांनी बाईंना खुर्ची दिली, पाणी दिलं आणि म्हणाले, मुलगी सज्ञान आहे, मॅडम, मी काय करू? खरंच, ते काय करणार होते? तिला कुणी कोंडलं नव्हतं. कुणी मारलं नव्हतं. फाटक दिवसभर उघडंच असायचं.

बाई रडल्या नाहीत. मला म्हणाल्या, शमीम, एवढ्या सगळ्यांचं मी समजून घेतलं, हेही घेईन. आणि त्या दर रविवारी तिकडे जायला लागल्या.

मी रिक्षातून त्यांच्यासोबत जायची. मी आत जात नव्हते, बाहेर लिंबाखाली थांबायची. पहिल्या रविवारी फाटकावरच्या बाईंनी सांगितलं, आधीच्या धर्माची खूण आत नेता येत नाही. कपाळाची विभूती पुसावी लागेल, आणि गळ्यातलंही काढावं लागेल.

तुम्हाला माहीत आहे, लिंगायत माणूस इष्टलिंग अंगावेगळं करत नाही. आजारपणात नाही, बाळंतपणात नाही.  पण बाईंनी पदरानं कपाळ पुसलं. गळ्यातलं काढलं, रुमालात गुंडाळलं आणि माझ्या हातात दिलं.

मी म्हटलं, "बाई, माझ्याकडे? मी..."

त्या म्हणाल्या, "तुझ्याचकडे. खाली ठेवू नकोस, एवढंच कर."

मी ठेवलं नाही. त्या बाहेर येईपर्यंत दोन्ही हातांत धरून बसले. मी मुसलमान बाई, मूर्तिपूजा न मानणारी. त्या लिंबाखाली मी काय धरून बसले होते आणि कुणाची प्रार्थना करत होते, मला आजही सांगता यायचं नाही.

आत बाई मागच्या रांगेत बसायच्या. गिरिजा पुढे, थोरल्यांच्या आसनाशी, सेवेला. ती मागे वळून बघायची नाही. बाईंना तिची पाठ आणि वेणी दिसायची. परत येताना रिक्षात त्या मला सांगायच्या. आज बारीक वाटली. आज खोकत होती. आज हसली, शेजारचीशी काहीतरी बोलून हसली. तेवढ्यावर त्यांचा आठवडा निघायचा.

असं बरेच महिने चाललं. मग एका रविवारी गिरिजा स्वतः फाटकाशी उभी होती. मी जवळच होते, म्हणून हे माझ्या कानांनी ऐकलंय.

गिरिजा म्हणाली, "ताई, तुम्ही आता येत जाऊ नका. माझ्या साधनेत अडथळा येतो."

बाई म्हणाल्या, "ताई?"

"इथे सगळ्या ताईच असतात."

बाईंनी मान हलवली. वर्गात एखादीचं उत्तर ऐकून हलवायच्या ना, तशी. मग त्यांनी विचारलं, "तुमच्याकडे माणूस गेलं की काय करतात गं?"

"काही करत नाहीत. मागे वळून बघत नाहीत."

"आणि रडत?"

"रडलं की गेलेला अडकून पडतो."

बाई म्हणाल्या, बरं. एवढंच. रिक्षात बसल्यावर माझ्याकडून रुमाल घेतला आणि लिंग गळ्यात घातलं. नंतर त्या तिकडे गेल्या नाहीत. तिला त्रास होतो ना, म्हणाल्या.

मला राग यायचा. मी त्या जागेला शिव्या घालायची. तर बाई मला थांबवायच्या. म्हणायच्या, तिथल्या बायकांशी मी बोललेय शमीम, एकीचा नवरा वाईट, एकीचं मूल गेलेलं, त्यांना तिथे झोप लागते. मी म्हणायची, पण गिरिजाला काय कमी होतं?  या प्रश्नाचं उत्तर त्या अखेरपर्यंत शोधत होत्या.

मग आजार निघाला. पोटाचा कर्करोग, आणि कळला तेव्हा पसरलेला होता. अक्कलकोटकडच्या गावाहून त्यांचे धाकटे भाऊ शिवानंद आले, ते इथे पुढेच बसलेत. त्यांनी आणि मी मिळून दवाखाना केला. मी एकटी त्या फाटकावर निरोप द्यायला गेले. तिथल्या बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं, मला पाणी दिलं, कळवते म्हणाल्या. कळवलं की नाही, मला माहीत नाही.

दवाखान्यात बाईंनी विचारलं, सांगितलंस? मी म्हटलं, सांगितलं. काय म्हणाली? मी म्हटलं, भेटली नाही.

त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं झोपल्या. मग म्हणाल्या, "सगळीकडे आत जाता आलं बघ मला. चपला काढल्या, डोकं झाकलं, की आत घेतात. हिच्यापर्यंत जायचं दार मला सापडलं नाही."

 त्यांचे पाय गार पडले होते, मी ते चोळत बसले.

आमच्याकडे मरणाची बातमी ऐकली की म्हणतात, आपण सगळे त्याचेच आणि परत त्याच्याकडेच जाणार. बाई गेल्या तेव्हा ते मी म्हटलं. लिंगायतांचे स्वामी आले. बाईंना न्हाऊ घातलं, विभूती लावली, मांडी घालून बसवलं. लिंगायतांत माणसाला असंच बसवून माती देतात. मी बाजूला उभी होते. शिवानंदमामांनी मला पुढे बोलावलं, माझ्या हातात बेलाची पानं दिली. मी वाहिली.

दुसऱ्या दिवशी मामा आणि मी त्या फाटकावर गेलो. या वेळी गिरिजा बाहेर आली. दोन्ही बाजूंना दोन बायका होत्या.  मामा म्हणाले, "आक्का गेली गं पोरी. काल माती दिली."

गिरिजा उभी राहिली. चेहरा तसाच. मला वाटलं, आता हात जोडेल आणि जाईल.

ती म्हणाली, "आईला दुखलं का?"

मामा म्हणाले, "लई दुकलं. शेवटचं चार दिस लई."

गिरिजाचे ओठ हलले. शेजारच्या बाईनं तिच्या खांद्यावर हात ठेवला. जोरानं नाही, मायेनंच ठेवला, मी बघितलंय. आणि गिरिजा वळली, आत गेली. पायातल्या चपला तिथेच सुटल्या होत्या. उन्हानं तापलेल्या फरशीवरून ती अनवाणी चालत गेली, सावकाश, पाय न उचलता. मागून एका बाईनं त्या चपला उचलल्या आणि तिच्या मागे नेल्या.

बस्स. एवढंच घडलं, मंडळी. या गोष्टीला पुढे काही नाही. मी रोज वाट बघते, काही घडेल म्हणून. तुम्ही मला विचाराल, आता काय करायचं? मला माहीत नाही. मोर्चा काढू? तिला ओढून आणू? बाईंनी तसं करू दिलं नसतं, आणि केलं तरी ती परत तिकडेच जाईल. कधीकधी वाटतं, ती तिथे सुखी असेल. मग ते अनवाणी पाय आठवतात, आणि मला काही कळेनासं होतं.

तुमच्याकडे एकच मागणं आहे. या शहरात तुमची घरं सगळीकडे आहेत. कधी गिरिजा तुमच्यापैकी कुणाच्या दारात आली, तर तिला काही विचारू नका. कुठे होतीस, का गेलीस, आईला बघायला का आली नाहीस, काही नाही. बसवा. जेवायला वाढा. आणि सांगा, आईच्या घराची किल्ली शमीम मावशीकडे आहे.

आणि कदाचित ती यायचीच नाही. हेही मी स्वतःला सांगते आहे.

आता आपण थोडा वेळ शांत राहू. ज्याला जे म्हणायचं ते त्यानं मनात म्हणावं, ज्याला काहीच म्हणायचं नाही त्यानं म्हणू नये. अशा वेळी उभं राहायची पद्धत आहे, पण आज बसूनच राहू या. मीही बसते.